टर्रर्र कोण करतंय?

ही गंमत तुमच्याही घरी घडली असेल. रेडिओवर छान गाणं लागलेलं असतं. शेजारी आजोबांचा साधा मोबाइल पडलेला असतो. एकदम रेडिओतून आवाज येतो, ‘टिक्-टिक्, टर्रर्र!’ आणि लगेच मोबाइल वाजू लागतो. फोन येणार हे रेडिओला आधीच कसं कळलं?

यात भुताटकी काही नाही. मोबाइल हासुद्धा एक छोटा प्रक्षेपकच आहे. घंटी वाजण्याआधीच त्याची टॉवरशी बोलाचाली सुरू होते. जुन्या टू-जी पद्धतीत एकाच वाटेवरून आठ फोन पाळीपाळीने बोलतात, अगदी पाटाच्या पाण्याच्या पाळीसारखे! प्रत्येकाची पाळी सेकंदाला सुमारे २१७ वेळा येते. म्हणजे तितक्या वेळा फोन रेडिओलहरींचा एकेक झटका सोडतो. रेडिओतल्या तारा हे झटके एरियलसारखे पकडतात, आतले ट्रान्झिस्टर त्यांतून २१७ कंपनांचा आवाज वेगळा काढतात आणि स्पीकर टर्रर्र करू लागतो. आपल्या कानांना साधारण २० ते २०,००० कंपनं ऐकू येतात, म्हणून हा आवाज आपल्याला लगेच कळतो.

एकाच्या लहरी दुसऱ्याच्या यंत्रात अशा घुसू नयेत, म्हणून काय करायचं? याचं उत्तर समजायला आपण अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला जाऊ. पाऊस कमी पडणारं हे गाव. एकाने वाटेल तितकं पाणी उपसलं तर शेजाऱ्याची विहीर आटणार! म्हणून गावाने पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला. आधी पिण्याला पाणी, मग शेतीला. ऊस-केळीसारखी तहानलेली पिकं नकोत आणि शेतीसाठी बोअर पाडायची नाही, असे नियम सर्वांनी मिळून पाळले.

रेडिओलहरींचंही असंच आहे. जागा एकच आणि वापरणारे अनेक! म्हणून सरकार प्रत्येकाला वाटा ठरवून देतं. मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झ हा वाटा आकाशवाणीच्या पुणे केंद्राला मिळाला. पोलीस, विमानं, मोबाइल, हौशी ‘हॅम’ मंडळी, सगळ्यांच्या जागा वेगवेगळ्या.

तरीही घोटाळा होतोच. का? कारणं दोन. कधी प्रक्षेपकच आपला बांध ओलांडतो. आपल्या कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट अशा नको त्या लहरीही तो सोडतो. हा दोष त्याच्या मालकाने दुरुस्त करायचा. कधी मात्र प्रक्षेपक अगदी नियमात असतो, पण आपल्याच टीव्हीला किंवा स्पीकरला नको त्या लहरी बाहेर ठेवता येत नाहीत. तेव्हा इलाज आपल्या घरात करावा लागतो.

शेजारच्या गच्चीवर हॅमचा मोठा एरियल दिसला की लोक सगळं खापर त्याच्यावर फोडतात. पण जरा आठवा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा अशाच हौशी हॅमनी संदेश पोचवायला मदत केली होती. भांडून एरियल उतरवायला लावण्यापेक्षा शेजाऱ्याला घरी बोलवा आणि दोघांनी मिळून दोष शोधा.

कसा शोधायचा?

१. वहीत वेळ लिहा. आवाज केव्हा येतो, किती वेळ टिकतो? शेजाऱ्याची वही शेजारी ठेवून वेळा जुळतात का पाहा.

२. सेलवर चालणारा रेडिओ घ्या. मध्यम लहरींवर जिथे केंद्र लागत नाही तिथे काटा ठेवा. आता मोठ्यांच्या मदतीने घरातली यंत्रं एकेक करून बंद करा. खरखर थांबली? चोर सापडला! पुष्कळदा तो स्वस्तातला एलईडी दिवा किंवा चार्जर निघतो.

३. स्पीकरच्या लांबलचक तारा आखूड करा. प्रक्षेपक आणि यंत्र यांच्यातलं अंतर वाढवा.

४. दुकानात फेराइटचं काळं कडं मिळतं. स्पीकरची तार त्यातून सात-आठ वेळा गुंडाळा. कडं नको त्या लहरींना अडवतं, गाण्याला नाही.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. टीव्हीचं झाकण कधीही उघडायचं नाही. बंद केलेल्या संचातही धोकादायक वीज साठलेली असू शकते.

आता उलटी गोष्ट ऐका. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही प्रचंड रेडिओ-दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. दूरच्या आकाशगंगांकडून येणाऱ्या लहरी इतक्या क्षीण असतात, की आपला मोबाइल म्हणजे तिच्या कानाशी वाजणारा ढोलच! म्हणून तिथे गेल्यावर मोबाइल बंद ठेवायला सांगतात. इथे त्रास घरातल्या यंत्रांना होत नाही, तर घरातल्या यंत्रांमुळे दुर्बिणीला होतो.

या रविवारी रेडिओ घेऊन घरभर फिरा आणि खरखरीचा नकाशा काढा. कोपऱ्याकोपऱ्यात कोण टर्रर्र करतंय ते लिहा. आणि हो, शेजाऱ्यांना त्रास देणारा चोर आपल्याच घरात निघाला, तर तो आधी बंद करा!