दुभाजकातली हिरवळ कोणाच्या जागेवर?

शहरातल्या रस्त्याची रुंदी दोन्ही बाजूंच्या मालमत्तांनी ठरून गेलेली असते. त्यामुळे पुण्यासारख्या शहरात 24 मीटरच्या रस्त्यावर 2 मीटरचा हिरवा दुभाजक आखला, की ती जागा कुठून तरी काढावीच लागते. मार्गिका कमी करण्याची तयारी क्वचितच असल्याने ती बहुधा दोन्हीकडच्या पादपथांतून, प्रत्येकी मीटरभर, निघते. समोरासमोरची टक्कर टाळणे आणि दिव्यांचा झोत अडवणे ही दुभाजकाची कामे द्रुतगती मार्गावर निर्विवाद महत्त्वाची आहेत. दुकाने, शाळा आणि बसथांबे असलेल्या रस्त्यावर मात्र तीच रचना वेगळे परिणाम घडवते.

समोरच्या वाहनाची धास्ती संपली, की चालकाचा वेग वाढू लागतो. वळायची जागा दूर असेल, तर दुचाकीस्वार उलट दिशेने येतात आणि पादचारी झुडपांतूनच वाट पाडतात. धोका इथे दाटतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकांत मोटारचालकाच्या डोळ्यांची उंची 1.2 मीटर धरली आहे. कठड्यासह तेवढी वाढलेली कण्हेर किंवा बोगनवेल असेल, तर तिच्यामागचे मूल रस्त्यावर उतरेपर्यंत चालकाला दिसतच नाही, आणि ताशी 50 किलोमीटरने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे 14 मीटर पुढे गेलेले असते.

पाण्याचा हिशेबही उलटा आहे. रस्त्याचा आडवा उतार साधारणपणे मध्याकडून कडांकडे असतो, म्हणजे पावसाचे पाणी दुभाजकापासून दूर वाहते. उंच कठड्यांमधला अरुंद वाफा मग पावसाळ्याबाहेरचे आठ महिने टँकरवर जगतो. निगा परवडेनाशी झाली, की कोनोकार्पससारख्या चिवट विदेशी झाडांकडे कल जातो; त्यांतल्या कोनोकार्पसच्या लागवडीवर गुजरातने 2023 मध्ये बंदी घातली. त्याऐवजी देशी जातींची झाडे कडेला खोलगट आळ्यांत लावली, तर वाहते पाणी त्यांना मिळते आणि सावली चालणाऱ्याच्या डोक्यावर पडते.

याचा अर्थ दुभाजक सर्वत्र चूक आहे, असा नाही. ओलांडण्याच्या जागी 2 मीटर रुंद, झुडपांविना आणि रस्त्याच्या पातळीवर ठेवलेला टप्पा वृद्धांना एका वेळी एकाच दिशेच्या वाहतुकीचा विचार करू देतो. दुभाजकाचा हा उपयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो. पण पादपथाची 1.8 मीटर मोकळी रुंदी आणि कडेच्या झाडांची जागा राखल्यावर जे उरेल, तेवढ्यावरच दुभाजकाचा हक्क असावा. तुमच्या रस्त्याचा आराखडा हरकतींसाठी येईल, तेव्हा त्याच्या आडव्या छेदात हा क्रम पाळला आहे का, ते आधी तपासा.