ट्रेलरचा वेग गोदामाच्या फाटकातच ठरतो
वडपे परिसरातील गोदामचालक, वाहतूकदार, चालक व ग्रामस्थ यांना जाहीर आवाहन

ठाण्याच्या माजिवड्याहून येणारा भिवंडी बायपास, भिवंडी शहरातून बाहेर पडणारा जुना आग्रा रस्ता आणि 5 जून 2025 रोजी शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा खुला झाल्याने पूर्ण झालेला समृद्धी महामार्ग, अशा तीन वाटांची अवजड वाहतूक वडपे परिसरात एकत्र येते. न्हावाशेवा बंदरातून कळंबोली, शिळफाटा व मुंब्रा बायपासमार्गे निघालेले कंटेनर येथील आणि पुढे पडघ्यापर्यंतच्या गोदामांत उतरतात, आणि त्याच गोदामांतून नाशिक, मराठवाडा, खानदेश व उत्तर भारताकडे जाणारा माल चढतो. या वाहतुकीतील सर्वांत मोठे वाहन म्हणजे घोडा-ट्रेलर : चालक मंडळी ज्याला घोडा म्हणतात तो इंजिन व केबिनचा पुढचा भाग, आणि त्याच्या पाठीवरील तबकडीत, म्हणजे फिफ्थ व्हीलमध्ये, किंगपिन नावाच्या जाड खिळ्याने अडकवलेला मागचा लांब सांगाडा. हे जोडवाहन महामार्गावर किती वेगाने न्यावे, याचा निर्णय एकट्या चालकावर सोडून बाकीच्यांना मोकळे होता येणार नाही, या भूमिकेतून प्रस्तुत आवाहन करण्यात येत आहे.

कायद्याची मर्यादा प्रथम स्पष्ट असावी. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या 6 एप्रिल 2018 च्या अधिसूचनेनुसार मालवाहू वाहनांची कमाल वेगमर्यादा द्रुतगती मार्गांवर, तसेच दुभाजक असलेल्या चौपदरी व त्याहून रुंद रस्त्यांवर ताशी 80 किलोमीटर, तर महापालिका हद्दीतील व इतर रस्त्यांवर 60 किलोमीटर आहे. जेथे स्थानिक फलक याहून कमी आकडा दाखवतो तेथे तो आकडा बंधनकारक असतो. 80 हा आकडा रिकामा रस्ता, कोरडे हवामान, चांगले टायर आणि नीट बांधलेला माल गृहीत धरून आखलेली वरची रेषा आहे, तो गाठायचा पल्ला नव्हे. तरीही वेगनियंत्रक, म्हणजे ठरावीक वेगानंतर इंजिनला होणारा इंधनपुरवठा तोडणारे उपकरण, 80 वर बसवलेले असल्याने अनेक चालकांच्या पायाला तोच वेग नेहमीचा वाटू लागला आहे. शिवाय हे उपकरण इंधन तोडते, ब्रेक लावत नाही, त्यामुळे उतारावर भरलेला ट्रेलर स्वतःच्या वजनाने 80 च्या पुढे जाऊ लागला तर ते काहीही करू शकत नाही, ही गोष्ट मालकांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असते.

वेगाचा परिणाम सरळ प्रमाणात न वाढता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 60 वरून 80 वर जाताना वेग एकतृतीयांशाने वाढतो, पण ब्रेकला जिरवावी लागणारी गतिज ऊर्जा, म्हणजे वाहन धावत असल्यामुळे त्यात साठलेली शक्ती, पावणेदोन पटींहून अधिक होते. समोरचा अडथळा दिसणे, पाय ब्रेकवर जाणे आणि एअर ब्रेकमधील हवेचा दाब ट्रेलरच्या शेवटच्या चाकापर्यंत पोहोचणे यांत मिळून दोन सेकंद जातात, आणि नंतर ब्रेक वाहनाचा वेग दर सेकंदाला सेकंदी 4 मीटरने उतरवतात, असे धरले, तर कोरड्या रस्त्यावर ताशी 40 च्या वेगाने चाललेला ट्रेलर सुमारे 38 मीटरांत, 60 च्या वेगाने चाललेला 68 मीटरांत आणि 80 च्या वेगाने चाललेला 106 मीटरांत थांबतो. पावसात वेग उतरण्याचा दर अडीच मीटरवर आला की 60 साठी 89 आणि 80 साठी 143 मीटर लागतात. झिजलेले टायर, तापलेले ब्रेक लायनर किंवा थकलेला चालक यांचा हिशेब यात धरलेलाच नाही. श्रावणातल्या सरीत बायपासवर पुढच्या वाहनाचे मागचे दिवे पन्नास-साठ मीटरांवर दिसत असताना 80 चा काटा म्हणजे दिसणाऱ्या अंतराच्या दुपटीहून अधिक लांबीचे थांबणे होय.

वळणावरचा धोका निराळ्या प्रकारचा आहे. चाळीस फुटी कंटेनर 12.19 मीटर लांब, 2.44 मीटर रुंद आणि सामान्यतः 2.59 मीटर उंच असतो, आणि तो जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास उंचीच्या सांगाड्यावर बसत असल्याने पूर्ण वाहनाची उंची चार मीटरांवर जाते, पण चाकांमधील रुंदी मात्र तीच राहते. असे उंच, भरलेले वाहन बाजूला पडण्यासाठी गुरुत्वाकर्षणाच्या साधारण एकतृतीयांश ते दोनपंचमांश इतका आडवा जोर पुरतो. 120 मीटर त्रिज्येच्या वळणावर, रस्त्याला आतल्या बाजूने दिलेला उतार क्षणभर बाजूला ठेवला तर, ताशी 60 ला हा जोर सुमारे पाव इतका असतो आणि 80 ला तो दोनपंचमांशाच्या वर जातो. म्हणजे एकच वळण, एकच माल, एकच चालक, आणि वेगातील वीस किलोमीटरांच्या फरकाने सुखरूप जाणारे वाहन पलटी होणाऱ्या वाहनात बदलते. यात आणखी वाईट असे की, घोडा व ट्रेलर यांच्यामधील सांधा आणि लांब सांगाडा थोडे पिळले जात असल्याने मागची आतली चाके रस्ता सोडू लागली तरी केबिनमध्ये ते तत्काळ जाणवत नाही, आणि जाणवते तेव्हा स्टिअरिंगने सावरण्यासारखे फारसे उरलेले नसते.

कंटेनर अर्धाच भरून माल आत सरकायला मोकळा असेल, किंवा वरच्या थरात ड्रम व खालच्या थरात हलके खोके अशी उलटी रचना झाली असेल, तर पलटी होण्याचा हा उंबरठा आणखी खाली येतो. माल भरणाऱ्या माथाडी टोळीला घाई करायला लावणाऱ्या पर्यवेक्षकाने हे लक्षात घ्यावे की, सुताच्या गाठी एका भिंतीला टेकवून दुसरी बाजू रिकामी ठेवल्याने वाचलेली पंधरा मिनिटे पुढे पहिल्याच मोठ्या वळणावर वसूल केली जातात. कंटेनरचे चारही कोपरे सांगाड्याला ट्विस्ट लॉकने, म्हणजे कोपऱ्याच्या भोकात घालून फिरवायच्या कुलपी खुंटीने, जखडलेले आहेत का, हे पाहायला दोन मिनिटेही लागत नाहीत. तरी पुढचे दोन लावून मागचे दोन तसेच सोडण्याची सवय दिसते, कारण उतरवताना तेवढेच श्रम वाचतात.

रिकामा ट्रेलर वेगाने नेण्यास हरकत नाही, हा समजही सोडावा. ब्रेकची ताकद भरलेल्या वजनासाठी ठरवलेली असते, त्यामुळे रिकाम्या ट्रेलरची चाके ओल्या रस्त्यावर चटकन अडकून घसरू लागतात, आणि ट्रेलर घसरत घोड्याच्या बाजूने पुढे येतो किंवा घोड्याची मागची चाके घसरून तो स्वतः आडवा होतो. अशा वेळी दोन्ही भाग किंगपिनभोवती कात्रीसारखे मिटतात, आणि तीन मार्गिका एकदम बंद होतात. ज्या जुन्या ट्रेलरवर चाके अडकू न देणारी एबीएस यंत्रणा चालू नाही, त्यांच्या बाबतीत पावसाळ्यात रिकाम्या परतीचा वेग भरलेल्या फेरीपेक्षा कमी ठेवणे हेच शहाणपणाचे ठरते.

वडप्याचा प्रश्न मात्र नुसत्या भौतिकशास्त्राचा नाही. समृद्धीवर तासन् तास एकाच गतीने गाडी चालवून उतरलेल्या चालकाच्या डोळ्यांना वेगाची सवय जडते, आणि मग काट्यावर 60 असले तरी गाडी रेंगाळत असल्यासारखी वाटते ; वेगाच्या जाणिवेचा हा बोथटपणा वाहतूकशास्त्रात परिचित आहे आणि तो अनुभवी चालकालाही चुकत नाही. नेमक्या याच अवस्थेत तो आमण्याहून वडप्याकडे येतो, जेथे गोदामांची फाटके, रिक्षा, पायी चालणारे कामगार, शाळेची मुले आणि दुचाकीवरून उलट्या दिशेने येणारे लोक यांची गर्दी असते. माजिवडा ते वडपे हा सुमारे 24 किलोमीटरचा भाग रुंद करण्याचे काम महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडून हाती घेतलेले असून, अशा कामाच्या टप्प्यांत वळवलेल्या मार्गिका, अर्धवट उंचसखल कडा आणि रात्री न दिसणारे अडथळे यांची शक्यता धरूनच चालले पाहिजे. समृद्धीवरून उतरणाऱ्या ट्रेलरचालकाने वडप्याला पोहोचण्यापूर्वी योग्य वाहनतळावर पंधरा मिनिटे थांबून खाली उतरावे, टायरांना हात लावून पाहावा, चहा घ्यावा, आणि मग वस्तीच्या भागात डोळ्यांना काय वाटते यावर न विसंबता काट्याकडे पाहूनच वेग ठेवावा.

कसारा घाटाने येणाऱ्यांसाठी एक वेगळा हिशेब आहे. इगतपुरीहून कसाऱ्यापर्यंत रस्ता साधारण 300 मीटर खाली येतो, आणि एवढ्या उतरणीत वाहनात मोकळी होणारी ऊर्जा ही 80 च्या वेगातून एकदा पूर्ण थांबण्यासाठी जिरवावी लागणाऱ्या ऊर्जेच्या दहा-बारा पट असते. ती सगळी लायनरवर टाकली तर ड्रम इतके तापतात की पायाखाली ब्रेक असूनही गाडी धरत नाही. म्हणून घाट ज्या गिअरमध्ये चढावा लागतो त्याच्या आसपासच्या खालच्या गिअरमध्ये, एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धुराची वाट अडवून इंजिनालाच वेग रोखायला लावणारा ब्रेक, लावून तो उतरावा, आणि गिअर उतारावर पोहोचण्याच्या आधीच घालावा. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करणाऱ्याला कोणी मालक हुशार म्हणत असेल, तर त्या मालकाने वाचलेल्या डिझेलचा हिशेब ब्रेक लायनरच्या बिलाशेजारी मांडून पाहावा.

केंद्रीय मंत्रालयाच्या 2022 च्या अहवालात देशातील रस्ते अपघातांतील मृत्यूंची संख्या 1,68,491 नोंदवलेली असून, त्यांतील सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात आहेत. हा रकाना सोयीचा आहे, कारण त्यात दोष चालकाच्या पायाचा ठरतो आणि तो पाय कोणी घाईत घातला हे विचारावे लागत नाही. या आवाहनाचा रोख त्या न विचारलेल्या प्रश्नाकडे आहे.

वडपे ते नाशिककडील गोंदे हा महामार्ग सुमारे 100 किलोमीटरचा आहे. सबंध अंतर 80 च्या वेगाने अखंड कापता आले, जे टोलनाके, घाट व गर्दी यांमुळे कधीच शक्य होत नाही, तर 75 मिनिटे लागतील. 60 ने लागतील 100. प्रत्यक्षातील फरक या 25 मिनिटांहूनही कमी असतो. माजिवड्यापर्यंतच्या 24 किलोमीटरांत तर तो जेमतेम सहा मिनिटांचा आहे, आणि त्याच ट्रेलरला गोदामाच्या दारात माल उतरवण्यासाठी अनेकदा अर्धा दिवस ताटकळावे लागते, त्या हॉल्टिंगचे पैसे मिळवण्यासाठी वेगळी हुज्जत घालावी लागते, आणि मग ठाणे-भिवंडीतील जड वाहनांच्या बंदीची वेळ टाळण्यासाठी गमावलेले तास रस्त्यावर भरून काढण्याची अपेक्षा चालकाकडून केली जाते. वेग वाढतो तो येथे.

कायद्यानेही ही साखळी ओळखलेली आहे, मात्र तिच्याकडे लक्ष कमी दिले जाते. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 183 नुसार वेगमर्यादा मोडणारा चालक आणि आपल्या नोकरीत किंवा नियंत्रणात असलेल्या व्यक्तीला ती मोडायला लावणारा मालक हे दोघेही शिक्षेस पात्र आहेत. 2019 च्या दुरुस्तीनंतर अवजड मालवाहू वाहनासाठी हा दंड अधिनियमात 2,000 ते 4,000 रुपये आहे. याच कलमाच्या पोटकलम 4 प्रमाणे, एखादा प्रवास ठरावीक वेळेत संपवण्याचे वेळापत्रक किंवा आदेश दिलेला असेल आणि वेगमर्यादा न मोडता तो पाळणे शक्य नव्हते असे न्यायालयाचे मत झाले, तर तो आदेशच आदेश देणाऱ्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा, म्हणजे खोडून काढेपर्यंत ग्राह्य धरला जाणारा पुरावा, ठरतो. व्हॉट्सॲपवर पाठवलेला “दोनच्या आत पोचलाच पाहिजे” हा निरोप त्या अर्थाने निरुपद्रवी नाही. ई-वे बिलाची मुदत संपेल, ही सबबही टिकत नाही, कारण सर्वसाधारण मालासाठी दर 200 किलोमीटरला एक दिवस असा त्याचा अवधी आहे, आणि वाजवी कारण असल्यास तो वाढवूनही मिळतो.

म्हणून गोदामचालक व वाहतूकदार यांनी बिल्टीबरोबर दिल्या जाणाऱ्या गेटपासवर पोहोचण्याची एकच वेळ न लिहिता तीन तासांचा पट्टा लिहावा, आणि त्याखाली त्या फेरीचा कमाल वेग नोंदवावा : कोरड्या महामार्गावर भरलेल्या ट्रेलरसाठी 60 ते 65, पावसात 40 ते 45, कामाच्या टप्प्यात व वस्तीत 30, किंवा फलकावर याहून कमी आकडा असेल तर तो. हे आकडे सरकारी नसून वर दिलेल्या हिशेबावरून सुचवलेले आहेत. उंच किंवा द्रवरूप मालासाठी ते आणखी उतरवावेत. ट्विस्ट लॉक, टायरमधील हवा आणि ट्रेलरचे ब्रेकचे दिवे पाहिल्याची सही चालकाबरोबर फाटकावरील पर्यवेक्षकानेही करावी. वजनकाट्यावर वजन जास्त भरले तर फाटक उघडू नये. एकत्रित वजनाची देशातील कमाल मर्यादा 2018 पासून 55 टन असली तरी प्रत्येक ट्रेलरची मर्यादा त्याच्या अक्षांवर व नोंदणी पुस्तिकेवर ठरते, आणि कलम 194 खाली जादा वजनाला 20,000 रुपये व वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये दंड आहे. कमी वेग ठेवल्यामुळे उशिरा पोहोचलेल्या चालकाचे भाडे किंवा भत्ता कापला जाणार नाही, असे मालकांनी लेखी कळवावे. हे एक वाक्य नसेल तर बाकीच्या सूचना चालकाने मनावर घ्याव्यात अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल.

मोटार व दुचाकी चालवणाऱ्या नागरिकांनी भरलेल्या ट्रेलरच्या पुढे सुटलेली मोकळी जागा ही त्याच्या थांबण्याची जागा आहे असे समजून तिच्यात घुसणे टाळावे, आणि तो डावीकडे वळत असताना त्याच्या डाव्या अंगाला कधीही थांबू नये, कारण वळताना ट्रेलरची मागची चाके घोड्याच्या चाकोरीच्या आतून जातात. रस्त्याकडेला दिव्यांविना उभा ठेवलेला ट्रेलर दिसल्यास किंवा अपघात घडल्यास राष्ट्रीय महामार्गावर 1033, आणि कोठेही 112 किंवा रुग्णवाहिकेसाठी 108 या क्रमांकावर कळवावे. जखमींना मदत करणाऱ्याला अधिनियमाच्या कलम 134अ चे संरक्षण असून त्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही.