तिसऱ्या चाकाचे वजन



टेंपो हा शब्द आपल्या गावात इतका मुरला आहे की तो मराठीच वाटावा. कापूस जिनिंगला न्यायचा, कडबा आणायचा, आजाऱ्याला तालुक्याला पोचवायचे, की पहिला प्रश्न ‘टेंपो सांगितला का?’ मुळात हे जर्मनीतील हॅम्बुर्गजवळच्या एका कारखान्याच्या गाडीचे नाव. ती गाडी जन्माला आली कायद्यातल्या एका ओळीमुळे. १९२८ साली जर्मनीत नियम झाला की चारपेक्षा कमी चाकांच्या आणि २०० सी.सी.पर्यंत इंजिनाच्या गाडीला लायसन नको, करही नको. त्याच वर्षी टेंपोचा कारखाना निघाला. ज्याला ट्रक परवडत नव्हता त्या भाजीवाल्याने, पाववाल्याने, सुताराने तीनचाकी घेतली. पुढे १९५८ पासून तिचीच धाकटी पिढी, हॅन्सिएट नावाची, बजाज टेंपो कंपनीने आपल्याकडे बनवायला घेतली आणि ते नाव आपल्या शिवारापर्यंत आले.

कायद्याची एक ओळ गरिबाच्या दारात गाडी उभी करू शकते आणि एक ओळ तीच गाडी दारातून काढूनही नेऊ शकते. या अंकात आम्ही ज्या ओळीबद्दल लिहीत आहोत ती आहे वजनाची. तीन चाकांची गाडी किती किलोपर्यंत मोटरसायकल समजायची आणि किती किलोनंतर मोटार? प्रश्न आर.टी.ओ. कचेरीतल्या कारकुनाचा वाटतो. पण कर किती, लायसन कोणते, पासिंग किती वर्षांनी आणि अपघात झाला तर विमा मिळणार की घर विकावे लागणार, हे सगळे या एका आकड्यावर ठरते.

हा आकडा सर्वांत जास्त काळ चालला तो इंग्लंडात. तिथे पहिल्या महायुद्धानंतर मोटारीवर दर अश्वशक्तीला एक पौंड असा वार्षिक कर बसला, तो १९२१ पासून. पण तीन चाकांची गाडी रिकामी असताना आठ हंड्रेडवेटच्या आत भरली, तर ती मोटरसायकलच्या वर्गात आणि कर पुष्कळच कमी. हंड्रेडवेट म्हणजे ११२ पौंड. आठाचे झाले सुमारे ४०६ किलो, म्हणजे आपल्या हिशेबाने चार क्विंटल कापूस. चार क्विंटलच्या आत बसेल अशी गाडी बनवा, सरकार तिला मोटार म्हणणार नाही, असा तो सौदा होता. लायसनही मोटरसायकलचेच चाले. पुढे ही मर्यादा ४५० किलोपर्यंत वाढवली गेली.

या ओळीखाली केवढे काम उभे राहिले ते पाहा. मॉर्गनची तीनचाकी १९१० पासूनच बाजारात होती. १९३५ मध्ये टॅमवर्थ गावी रिलायंट कंपनी निघाली. तिने आधी तीनचाकी मालगाडी बनवली आणि मग माणसांची. १९४९ मध्ये प्रेस्टन गावी बाँड मिनीकार निघाली. या कारखान्यांतले कारागीर आकड्याशी झुंजत राहिले. पत्रा जड होतो म्हणून रिलायंटने अंग फायबरचे केले. इंजिन जड होते म्हणून ते १९६२ पासून सगळे ॲल्युमिनियमचे ओतले. गंमत म्हणजे एके काळी मोटरसायकलच्या लायसनवर चालवायची गाडी मागे जाता कामा नये, असाही नियम होता. मग बाँडवाल्यांनी पुढचे चाक इंजिनासकट दोन्ही बाजूंना काटकोनात वळेल असे केले, म्हणजे गाडी जागच्या जागी गरकन फिरे, मळणीच्या बैलासारखी. साहेबाच्या देशातला गरीबही नियमाला वळसा घालायला आपल्याइतकाच पटाईत होता.

या गाड्या घेतल्या कोणी? ज्यांच्याकडे आधी फटफटी होती, लग्न झाले, पोरे झाली आणि पावसात भिजणे परवडेना अशा कामगारांनी. मोटारीची परीक्षा द्यायला नको, जुन्या लायसनवर डोक्यावर छप्पर मिळाले. आज आपली पोरे मोबाइलवर मिस्टर बीन बघतात, त्यात एक निळी तीनचाकी सारखी कलंडते आणि सगळे हसतात. ती रिलायंटच. चार चाकेवाल्यांनी तीन चाकेवाल्यांची टिंगल करायची ही रीत तिथेही आहे. पुढे एकच चाक असलेली गाडी वळणावर कलंडू शकते, ही गोष्ट मात्र खरी आहे. तिच्याकडे आम्ही पुढे येऊ.

हा धंदा मोडला तोही कायद्यानेच. १९६२ मध्ये तिथल्या सरकारने मोटारींवरचा खरेदी कर ४५ टक्क्यांवरून २५ वर आणला, तीनचाकीच्या बरोबरीला. चार चाके स्वस्त झाली आणि तीनचाकीचा फायदा आटला. तरी रिलायंट २००१ च्या सुमारापर्यंत तग धरून होती. आपल्याकडेही बंगळुरूच्या एका कारखान्याने १९७० च्या दशकात ‘बादल’ नावाची तीन चाकांची मोटार काढली होती. नावाप्रमाणे आली आणि न बरसता गेली. कोरडवाहू माणसाला यात नवल नाही.

आता आपल्या कायद्याकडे. १९३९ चा मोटार वाहन कायदा इंग्रजांनी केला, तेव्हा आपल्या घरची कल्पनाच त्यांनी इथे लावली. त्या कायद्यात मोटरसायकल म्हणजे चारपेक्षा कमी चाकांची आणि रिकामे वजन साधारण चारशे किलोच्या मर्यादेत असलेली गाडी. म्हणजे हलकी तीनचाकी व्याख्येपुरती तरी मोटरसायकलच्या घरात होती. १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याने ही व्याख्या बदलली. मोटरसायकल म्हणजे दोन चाकांची गाडी. फार तर सुटी होणारी, जादा चाकाची साइडकार जोडलेली. वजनाचा आकडा गेला आणि तिसरे चाकही गेले. परक्या सरकारने ठेवलेली पायरी आपल्या सरकारने काढली आणि कोणी ‘का’ म्हणून विचारले नाही.

गंमत अशी की कारखान्यात गाडी तपासताना हेच सरकार तीनचाकीला मोटरसायकलची बहीण मानते. वाहनांचे जे तांत्रिक वर्ग आहेत त्यात दुचाकी ‘एल’ वर्गात आणि तीनचाकीही ‘एल’ वर्गातच, पाच क्रमांकाला. युरोपातही तसेच आहे. तिथे या पाचव्या वर्गातल्या गाडीला एक हजार किलोची मर्यादा आहे. अमेरिकेत धुराचे नियम लावताना ७९३ किलोपर्यंतची तीनचाकी मोटरसायकल धरतात. आपल्याकडे कारखान्याच्या फाटकापर्यंत बहीण आणि रस्त्यावर आली की परकी.

रस्त्यावर काय होते ते तुम्ही भोगतच आहात. स्वतःच्या शेतातला माल न्यायला एखाद्याने मालवाहू तीनचाकी घेतली, की तो कायद्याने वाहतूकदार होतो. मोटरसायकलचे पासिंग पंधरा वर्षांचे. या गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी फिटनेस आणि त्यानंतर दरवर्षी. कापसाची वेचणी संपली की वर्षातले सात-आठ महिने ती गोठ्याशेजारी उभी असते, पण कागद तिचे रोज भाडे मारणाऱ्या गाडीसारखेच.

आता ट्रॅक्टर पाहा. शेतीच्या ट्रॅक्टरला नियमांनी सरळ बिगर-वाहतूक वाहन म्हटले आहे. ते योग्यच आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण याचा अर्थ असा की काही लाखांचा ट्रॅक्टर घेऊ शकणारा माणूस कायद्याच्या नजरेत शेतकरी आणि ट्रॅक्टर न परवडल्याने जुनी तीनचाकी घेणारा चार एकरवाला वाहतूकदार. बैलजोडी विकून ज्याने तिसरे चाक घेतले त्याला कायद्यात जागाच नाही. सौराष्ट्रात कापूस आणि भुईमूग पिकवणाऱ्यांनी बुलेटच्या पुढच्या भागाला मागे गाडा जोडून छकडा उभा केला. उत्तरेत जुगाड झाले. जिथे कायदा पायरी ठेवत नाही तिथे लोक आपली पायरी ठोकतात आणि मग पोलीस ती मोजायला येतात.

विम्याचा भाग सर्वांत जड आहे. अपघात झाला आणि चालकाच्या लायसनात खोट निघाली, तर न्यायालय जखमीला भरपाई विमा कंपनीकडून देववते. पण कंपनी ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये मान्य केले आहे. म्हणजे सातबारा धोक्यात. तीस वर्षे भांडण या एका प्रश्नावर चालले: हलक्या वाहनाचे लायसन असलेल्याने मालवाहू गाडी चालवली तर ते लायसन चालते का? कायद्यात हलक्या वाहनाची वजनमर्यादा ७५०० किलो आहे. पण १९९४ च्या दुरुस्तीत ‘वाहतूक वाहन’ असा वेगळा वर्ग आला आणि विमा कंपन्यांनी तो धरून ठेवला. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली म्हणून ट्रॅक्टरचे लायसन वाया जात नाही, हे २००१ मध्येच न्यायालयाने सांगितले होते. २०१७ मध्ये मुकुंद देवांगन खटल्यात तीन न्यायमूर्तींनी हलक्या वाहनाच्या लायसनवाल्यांच्या बाजूने निकाल दिला. कंपन्या तरी थांबल्या नाहीत. शेवटी ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कायम केले की ७५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी चालवायला हलक्या वाहनाचे लायसन पुरे, वेगळ्या शेऱ्याची गरज नाही. ई-रिक्षा, ई-गाडा आणि धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांचे नियम मात्र वेगळे आहेत. हा निकाल प्रत्येक गावात सांगितला पाहिजे. कोणाच्या हातात दावा नाकारल्याचे जुने पत्र असेल, तर त्याने ते वकिलाला पुन्हा दाखवावे.

पण या निकालाने फक्त वरची ओळ सरळ झाली. गावातल्या बहुतेक पोरांकडे लायसन असते ते मोटरसायकलचे, हलक्या वाहनाचे नव्हे. त्यांच्यासाठी खालची ओळ अजून दोन चाकांवरच थांबलेली आहे. त्याच सुनावणीत केंद्र सरकारने कायदा दुरुस्त करण्याचे काम चालू असल्याचे न्यायालयाला सांगितले होते. मग ती दुरुस्ती करताना शेताकडेही बघा, एवढेच आमचे म्हणणे.

आमची मागणी मर्यादित आहे. रिकामे वजन ४५० किलोच्या आत असलेली, शेतकऱ्याच्या नावावरची, फक्त माल नेणारी तीनचाकी हा वेगळा वर्ग करा. तिला शेतीच्या ट्रॅक्टरप्रमाणे बिगर-वाहतूक धरा. मोटरसायकलचे लायसन असलेल्याला छोटी चाचणी घेऊन ती चालवू द्या. सरकारला हे जमत नाही असे नाही. ३००० किलोपर्यंत भरलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही, ही वजनाची सवलत याच कायद्यात आहे. ई-रिक्षासाठी तर २०१५ मध्ये कायदा बदलला, तिला चार माणसे आणि ४० किलो सामान असा मापही ठरवून दिला. शहरातल्या रिक्षासाठी जे झाले ते कापसासाठी व्हायला हरकत काय?

एक आक्षेप आम्हाला मान्य आहे. तीनचाकी कलंडते. उंच रचलेला कापूस वजनाला हलका पण वाऱ्याला मोठा, घाटात आणि वळणावर तो गाडी ओढतो. म्हणून चाचणी हवी, भाराच्या उंचीला मर्यादा हवी. आणि माणसे नेण्याची परवानगी आम्ही मागत नाही. वेचणीच्या बाया मालाच्या गाडीत कोंबून नेणे आपल्याकडे सर्रास चालते, त्याचे अपघातही आपण पाहिले आहेत. मजूर आपलेच आहेत. त्यांच्या जिवावर आम्हाला सवलत नको. ज्यांना हे पटत नाही त्यांनी बैठकीत उठून बोलावे, आम्ही ऐकू.

या जिल्हा बैठकीत वरील मागणीचा ठराव मांडला जाईल. ज्यांच्याकडे मालवाहू तीनचाकी आहे त्यांनी नोंदणीपुस्तकाची झेरॉक्स आणावी. त्यावर रिकामे वजन लिहिलेले असते, ते आपल्याला गोळा करायचे आहे. ज्यांचा विमा दावा लायसनच्या कारणाने फेटाळला गेला त्यांनी ते पत्र आणि लायसनची प्रत आणावी. कागद सभेच्या आधी तालुका प्रतिनिधीकडे द्यावेत, म्हणजे ठरावासोबत किती जणांचे काय झाले हे जोडता येईल.