केमो घराजवळ येईल, पण आठव्या दिवशी रात्री ताप आला तर?

१ फेब्रुवारी २०२५ रोजी मांडलेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात एक महत्त्वाची घोषणा झाली. तीन वर्षांत देशातल्या सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रे सुरू करायची आणि त्यांतली २०० केंद्रे २०२५-२६ मध्येच. बुलढाण्यासारख्या जिल्ह्याला याची गरज आहेच. केमोथेरपीसाठी अकोला, छत्रपती संभाजीनगर, नागपूर, नाहीतर थेट मुंबईचे टाटा हॉस्पिटल गाठायचे, ही वाट इथल्या अनेक कुटुंबांना पाठ झाली आहे. गाडीभाडे, राहण्याची सोय, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी हे सगळे दर दोन-तीन आठवड्यांनी येते. केमो जिल्ह्यातच मिळाली तर हे वाचेल.

पण डे-केअर म्हणजे सकाळी दाखल व्हायचे आणि संध्याकाळी घरी यायचे. औषध केंद्रात मिळते, त्रास मात्र घरी होतो. जंतुसंसर्गाचा धोका साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान सर्वांत जास्त असतो. स्तनाच्या कर्करोगासोबत तुम्हाला रुमॅटॉइड संधिवात, ल्युपस किंवा सोरायसिस असेल, तर हे दिवस आणखी जपायला हवेत.

धोका का वाढतो?

संधिवात, ल्युपस हे ऑटोइम्यून आजार आहेत. यांत प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते. तिला शांत करण्यासाठी प्रेडनिसोलोनसारखे स्टिरॉइड, मेथोट्रेक्सेट किंवा बायोलॉजिक इंजेक्शने देतात. केमोमुळे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात. म्हणजे एका उपचाराने पेशींची संख्या घटते, तर दुसऱ्याने उरलेल्या पेशींचा जोर कमी होतो.

यात आणखी एक अडचण आहे. स्टिरॉइड ताप दाबून टाकते. त्यामुळे अंगात ताप नाही म्हणजे संसर्ग नाही, असे समजू नका.

सगळ्याच औषधांना घाबरण्याचे मात्र कारण नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने प्रतिकारशक्ती फारशी कमी होत नाही. टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल या हार्मोनच्या गोळ्यांनी केमोसारख्या पांढऱ्या पेशी घटत नाहीत.

वाताच्या पुडीपासून सावध

लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल या गोळ्यांनी अनेक जणींचे सांधे दुखतात. रुग्णाला वाटते, जुना वात उसळला. मग कुणीतरी बिननावाची पुडी आणून देते आणि दोन दिवसांत आराम पडतो. अशा पुड्यांमध्ये बऱ्याचदा स्टिरॉइड मिसळलेले असते. तुम्ही आधीच स्टिरॉइड घेत असाल तर नकळत त्यात भर पडते. आजवर अशी पुडी घेतली असेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, कुणी रागावणार नाही. नियमित चालू असलेले स्टिरॉइड मात्र मनाने एकदम बंद करू नका. त्यानेही जिवाला धोका होऊ शकतो.

केमो सुरू होण्याआधी

संधिवाताचे डॉक्टर एका गावात, कॅन्सरचे दुसऱ्या गावात, असे बहुतेकदा असते. म्हणून दोन्हीकडचे कागद एकाच फाइलमध्ये ठेवा आणि या गोष्टी विचारा:

• हिपॅटायटिस बीची तपासणी झाली आहे का? हा विषाणू शरीरात लपून असेल तर केमोने किंवा काही बायोलॉजिक औषधांनी पुन्हा जोर धरू शकतो.
• पूर्वी टीबी झाला असेल किंवा घरात कुणाला असेल तर तसे सांगा.
• फ्लू आणि न्यूमोनियाची लस घ्यायची का? ती केमोच्या निदान दोन आठवडे आधी घेतलेली बरी. जिवंत जंतूंच्या लसी या काळात टाळतात.
• मेथोट्रेक्सेट किंवा बायोलॉजिक थांबवायचे का? हे दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवायचे.
• मेथोट्रेक्सेट चालू असताना को-ट्रायमॉक्साझोलची गोळी दुकानातून परस्पर घेऊ नका. दोन्ही मिळून पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतात.

ताप आला तर

घरात थर्मामीटर ठेवाच. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका. ताप मोजण्याआधी पॅरासिटामॉल घेऊ नका. थंडी वाजणे, धाप लागणे, खूप ग्लानी, जुलाब, लघवीला जळजळ, नागीण, किंवा शस्त्रक्रियेच्या बाजूचा हात लाल आणि गरम होणे, यांपैकी काही झाले तर ताप नसतानाही निघा.

रुग्णालयात पोहोचल्यापासून एका तासाच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावे, असा नियम आहे. संग्रामपूर किंवा लोणारहून बुलढाण्याला यायलाच दीड-दोन तास जातात. म्हणून आधी जवळचे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठा, गरज पडली तर १०८ ला फोन करा. दारातच सांगा: "केमो चालू आहे, शेवटची या तारखेला झाली, स्टिरॉइडही चालू आहे." पहिला डोस तिथेच घ्या, पुढे कुठे न्यायचे ते नंतर ठरवता येते.

जिल्ह्याने काय करावे?

खुर्च्या आणि केमोची औषधे आली म्हणजे केंद्र पूर्ण झाले असे नाही. रात्री रक्तपेशींची तपासणी होणे, तालुक्याच्या रुग्णालयात योग्य अँटिबायोटिक असणे आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरांकडे एका पानाच्या लेखी सूचना असणे, हेही तितकेच गरजेचे आहे. त्याला फार मोठा खर्च लागत नाही. ठरवून करावे लागते, इतकेच.

तोवर तुमच्या हातात एक गोष्ट नक्की आहे. पहिल्या केमोच्या दिवशीच विचारा: "रात्री ताप आला तर फोन कुणाला करायचा आणि कुठे जायचे?" उत्तर कागदावर लिहून घ्या, त्यावर सगळ्या औषधांची नावे लिहा आणि तो कागद फाइलच्या पहिल्या पानावर लावा.