जिवाणूंचा दिवा मंदावतो तेव्हा

बालमित्रांनो,

परवा डब्याच्या सुट्टीत आमच्या चौथीतल्या एकाच्या हातात पाण्याची बाटली पाहिली आणि मी दचकलोच. कपाशीवर फवारायच्या औषधाची ती रिकामी बाटली होती! "गुरुजी, तीनदा धुतलीय. वास बी येत न्हाई," तो म्हणाला. मी बाटली काढून घेतली, त्याला माठातलं पाणी दिलं. वास गेला म्हणजे विष गेलं असं नसतं, हेही सांगितलं. तेव्हा त्यानं विचारलं, "मग इष मोजायचं कसं?"

प्रश्न बिनतोड होता. मोजण्याच्या अनेक रीती आहेत, त्यांतली एक मोठी गमतीची आहे.

समुद्रात 'अ‍ॅलिव्हिब्रिओ फिशरी' नावाचे जिवाणू असतात. एकटा जिवाणू डोळ्यांना दिसतही नाही. पण कोट्यवधी एकत्र जमले की निळसर-हिरवा उजेड पडतो. हा उजेड आगीचा नव्हे. जिवाणूच्या पेशीत प्राणवायूच्या मदतीनं रासायनिक क्रिया होते, त्यातून तो निघतो. पेशी धडधाकट असेल तर उजेड चांगला पडतो. विष बाधलं की तो मंदावतो.

प्रयोगशाळेत हे जिवाणू मिठाच्या पाण्यात, १५ अंश सेल्सिअस तापमानाला ठेवतात. उजेड यंत्रानं मोजतात. मग त्यात कीटकनाशक मिसळतात आणि ५, १५, ३० मिनिटांनी पुन्हा मोजतात. उजेड निम्मा व्हायला किती कीटकनाशक लागलं? थोडंसंच लागलं तर ते जिवाणूंना जहाल, पुष्कळ लागलं तर सौम्य. अर्ध्या तासात अंदाज मिळतो!

पण यात एक गोम आहे. जिवाणूंना मज्जातंतू नसतात. कपाशीवरची बरीच कीटकनाशकं मज्जातंतूंवरच घाला घालतात, किडीच्या आणि माणसाच्याही. म्हणजे दिवा फारसा मंदावला नाही, तरी ते आपल्याला घातक असू शकतं. म्हणून शास्त्रज्ञ एकाच चाचणीवर विसंबत नाहीत. मासे, उंदीर यांच्यावरच्या चाचण्याही पाहतात.

आपल्या घरी असा दिवा नाही, पण डब्यावर खूण असते. पतंगासारखा चौकोन शोधा आणि त्याच्या खालच्या भागाचा रंग पाहा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. हिरवा असला तरी ते विषच! २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरू नका.

संध्याकाळी त्या मुलाच्या वडिलांना भेटलो. ते गप्प झाले. मग म्हणाले, "गुरुजी, आपण औषध म्हणतो ना, म्हणून भ्याच वाटत न्हाई."

मुलांनो, आज घरात पाहा. अशी बाटली, डबा पाण्याला किंवा तेलाला वापरात असेल, तर हात न लावता आई-बाबांना दाखवा. आणि औषध कशाला म्हणायचं? विषाला विषच म्हणा.

तुमचे
गुरुजी