यमाईच्या वाटेवरचं दार

मार्च २०२५ मध्ये आलेली एक बातमी तुम्हाला आठवत असेल. मकबूल फिदा हुसेन यांचं 'ग्रामयात्रा' हे चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना विकलं गेलं. आमच्या बचत गटाच्या बैठकीत त्या दिवशी हप्त्यांचा हिशेब बाजूलाच राहिला. "ताई, ११८ वर शून्यं किती हो?" इथपासून "एवढ्यात आपल्या तालुक्याचे सगळे रस्ते झाले असते" इथपर्यंत चर्चा रंगली. चित्रात काय आहे, हे मात्र एकीनेही विचारलं नाही. खरं सांगायचं तर मी स्वतःसुद्धा आधी आकडाच वाचला होता.

चित्रात आहे खेडं. तेरा छोट्या-छोट्या चौकटी, त्यांत कामात गुंतलेल्या बायका, मुलं, गाडी. पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकाराने १९५४ साली काढलेलं. एका परदेशी डॉक्टरांनी ते दिल्लीत घेतलं, आपल्याबरोबर नेलं आणि पुढे नॉर्वेतल्या ऑस्लोच्या इस्पितळाला देऊन टाकलं. वर्षानुवर्षं ते तिथल्या भिंतीवर होतं. म्हणजे चित्र आपल्यासारख्या बायकांचं, आणि आपल्या वाट्याला आली ती फक्त त्याची किंमत!

चित्रांच्या बातम्या आपल्यापर्यंत येतात त्या बहुतेक अशाच. सप्टेंबर २०२३ मध्ये अमृता शेरगिल यांचं चित्र ६१ कोटी ८० लाखांना गेलं, तेव्हाही हेच झालं. ही बाई अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, १९४१ मध्ये गेली. १९७२ च्या कायद्याचा आधार घेऊन सरकारने नऊ चित्रकारांची चित्रं राष्ट्राचा ठेवा ठरवली आहेत. ती विकता येतात, पण देशाबाहेर नेता येत नाहीत. राजा रविवर्मा, रवींद्रनाथ, नंदलाल बोस अशी ती यादी. नऊ जणांत बाई एकच, अमृता. आता बायकांनी रंग हातात घेतलेच नव्हते असं थोडंच आहे? रांगोळी, गोधडी, भिंतीवरची चित्रं हे सगळं कोण करत होतं? पण ते 'घरकाम' झालं. त्याला ना चौकट, ना सही.

असो. विकायला न निघालेली, तुमच्या-माझ्या मालकीची चित्रंही आहेत, आणि ती सातारा जिल्ह्यात आहेत. खटाव तालुक्यातलं औंध. (पुण्याचं नव्हे हं!) तिथल्या यमाईच्या डोंगरावर, मूळपीठाच्या वाटेवर श्रीभवानी संग्रहालय आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. 'चित्ररामायण' त्यांचंच, सूर्यनमस्कार घरोघरी नेले तेही त्यांनीच. जमवलेली चित्रं आणि शिल्पं वाड्यात कुलूपबंद न ठेवता १९३८ मध्ये त्यांनी त्यांचं संग्रहालय केलं. आज ते राज्य सरकारकडे आहे. ही चित्रं वारसांत वाटली गेली असती, तर त्यातलीही काही लिलावात गेली असती आणि आपण पुन्हा शून्यंच मोजत बसलो असतो.

आमच्या गटाला घेऊन मी तिथे गेले. देवीचं दर्शन झालं, ओट्या भरल्या, आणि सगळ्या परत गाडीकडे निघाल्या. "म्युझियम बघायचंय," म्हटलं तर "ते शाळेच्या पोरांचं असतंय," असं उत्तर मिळालं. दारापाशीच दोघी घुटमळल्या. चपला काढायच्या का, आत बोललं तर चालतं का, कुणी काही विचारलं तर? बँकेच्या दारात पहिल्यांदा गेलो होतो तेव्हाही आमची हीच गत झाली होती.

आत रविवर्म्यांच्या चित्रासमोर मात्र सगळ्या सैलावल्या. देवघरातली लक्ष्मी-सरस्वती याच माणसाच्या चित्रांवरून छापली गेली आणि तो छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला होता, हे सांगितल्यावर तर घरचंच कुणी भेटल्यासारखं झालं. मग आलं हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं दगडातलं 'आई आणि मूल'. जगभरच्या मोठ्या संग्रहालयांत ज्याची शिल्पं असतात, त्याचं काम औंधमध्ये! आपल्या मूर्तींसारखं रेखीव त्यात काही नाही. आमच्या आक्का बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "ताई, ही पुरी व्हायची ऱ्हायलीय का?" मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "पण लेकरू सुटायचं न्हाई हिच्याकडनं." मी बी. ए. झालेली, पण मला एवढं दिसलं नव्हतं.

धुरंधरांची चित्रं बघताना मी अंबिका धुरंधर यांची गोष्ट सांगितली. वडिलांच्या पाठिंब्याने त्या जे. जे. स्कूलमध्ये शिकल्या, १९३१ मध्ये पदविका घेतली. तिथून अशी पदविका घेणाऱ्या सुरुवातीच्या स्त्रियांपैकी त्या एक. हे ऐकताना गटातल्या एकीची मुलगी माझा हात सोडेना. एलिमेंटरी झाली, इंटरमिजिएट झाली. दहावीला त्याचे वाढीव गुण मिळाले आणि रंगांची पेटी माळ्यावर गेली. आपल्याकडे बहुतेक मुलींची चित्रकला त्या गुणांपाशीच संपते. परीक्षेला मुलींची गर्दी असते, मग पुढे भिंतीवर नावं मुलांचीच का दिसतात, याचं उत्तर मला त्या माळ्यावरच्या पेटीत दिसतं.

आणि जी नेटाने काढत राहते, तिचं काय? जिल्ह्याच्या एका कलादालनात आम्ही आमच्या भागातल्या बायकांच्या चित्रांसाठी चौकशी केली. दिवसाचं भाडं, वर फ्रेमचा खर्च, वाहतूक वेगळी. ज्या बाईच्या हातात स्वतःचे दोन हजार नसतात, तिने हे कुठून आणायचं? वर "हौशी असेल तर हळदीकुंकवात ठेवा ना," असा सल्लाही मिळाला. नगरपालिकांनी आपल्या सभागृहांची भिंत वर्षातला एक आठवडा बायकांना भाडं न घेता द्यावी, एवढंच आमचं मागणं आहे. अर्ज आम्ही दिलाय. तुमच्या गावातूनही द्या.

ती मुलगी आता शनिवारी आमच्या शिवणवर्गाच्या खोलीत चित्रं काढते. पौषात यमाईच्या यात्रेला गट पुन्हा जाणार आहे. या वेळी आक्काच म्हणाल्या, "आधी ती दगडाची बाई बघू, मग डोंगर चढू."