नुसते ओठ हलव

गतवर्षी दशलक्षण पर्वातील सांस्कृतिक कार्यक्रमाची जबाबदारी मंडळाने माझ्याकडे सोपविली होती. बँकेत आयुष्य गेल्यामुळे कोणतेही काम हाती घेतले की ते पैशापर्यंत जुळले पाहिजे, ही खोड अंगी मुरली आहे. पाठशाळेच्या सोळा मुलांचे एक स्तवन बसविले होते. रंगीत तालमीला चौदा-पंधरा आवाज एका बाजूने चालले होते आणि एक आवाज खाली, एकाच स्वरावर, भुंग्यासारखा घुमत होता. तो आवाज दुसरीतल्या एका मुलाचा होता. मी त्याच्यापाशी गेलो, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी प्रेमाने म्हणालो, “बाळा, तू मागच्या रांगेत उभा राहा. नुसते ओठ हलव, आवाज काढू नकोस.” त्याने तसेच केले. कार्यक्रम उत्तम झाला, टाळ्याही भरपूर मिळाल्या. त्यानंतर क्षमावाणीच्या दिवशी मी मंदिराच्या सभामंडपात शे-दीडशे साधर्मी बंधुभगिनींपुढे हात जोडले. त्यांत तो मुलगा नव्हता. तो असायला हवा होता, हे तेव्हा माझ्या मनातही आले नाही.

ते मनात आले यंदाच्या उन्हाळी संस्कार शिबिरात. संगीत शिकविणाऱ्या एका भगिनी आठ दिवसांसाठी आल्या होत्या. गतवर्षीचेच स्तवन मुलांना शिकवावे, असे मी सुचविले आणि त्याची ध्वनिफीत ऐकविली. त्यांनी ती निम्मीच ऐकली. एका जुन्या चित्रपटगीताच्या चालीवर ते बांधलेले होते. मंद्र पंचमापासून तार गंधारापर्यंत, म्हणजे दीड सप्तकाहून अधिक, त्याची धाव होती. त्या म्हणाल्या, “सहा-सात वर्षांच्या मुलाला सहज पेलतात ते पाच-सहा स्वर. मोठ्यांचे कपडे मुलाला घालायचे आणि तो अडखळला की त्याला चालता येत नाही म्हणायचे, तसे हे झाले.” शिवाय आमचे गुरुजी पेटीवर काळी एकमध्ये, स्वतःच्या भरदार गळ्याने सांगत. काही मुले तोच स्वर आपल्या सप्तकात, म्हणजे वर, आपोआप उचलतात. काही मुले मात्र प्रामाणिकपणे गुरुजींच्या गळ्याइतके खाली उतरू पाहतात. तिथे त्यांचा गळा पोहोचतच नाही. मग तळाशी जो काही आवाज निघतो, त्यावर ती घुमत राहतात. भुंगा कोठून आला होता, ते मला तिथल्या तिथे कळले.

बाईंनी पेटी बंद करून ठेवली आणि मुलांना मैदानात नेले. पहिला पाठ एवढाच होता, की दूर उभ्या असलेल्या मित्राला हाक मारायची. आपल्या अंगणातून, गच्चीवरून मुले हाक मारतात, ती नीट ऐका. नावाचे पहिले अक्षर वर आणि शेवटचे लांबविलेले अक्षर थोडे खाली असते. बाईंनी सांगितले की हे अंतर बहुधा पंचम ते गंधार एवढे असते. मुलाला ते कोणी शिकविलेले नसते. म्हणून गाण्याचा आरंभ ‘सा’पासून न करता या दोन स्वरांपासून करायचा, मग त्यांत धैवत घालायचा, मग षड्ज आणि ऋषभ. हे पाच स्वर झाले की आपला भूप राग तयार.

ही पद्धती हंगेरीतील संगीतकार झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) यांच्या विचारांतून घडली आहे. १९०५ पासून हा मनुष्य खेडोपाडी फिरून लोकगीते गोळा करीत होता. पुढे शाळांतून मुलांच्या तोंडी पडणारी सुमार गाणी ऐकून तो अस्वस्थ झाला आणि मुलांसाठी लिहू लागला. त्याचे म्हणणे असे, की मुलाला मातृभाषा जशी घरात मिळते तसे संगीतही आपल्या मातीतल्या गाण्यांतून, आपल्याच गळ्यातून मिळावे, वाद्य नंतर. त्याच्या जन्मगावी, केचकेमेत येथे, १९५० मध्ये अशी प्राथमिक शाळा निघाली, की जिथे मुले रोज गात. स्वरांसाठी हाताच्या खुणा त्याने इंग्लंडमधील जॉन कर्वेन यांच्याकडून घेतल्या. ‘सा’ला मूठ, ‘ग’ला जमिनीशी समांतर तळहात, ‘प’ला आपल्याकडे वळविलेला तळहात, स्वर चढेल तसा हातही चढतो. आपल्या मुलांना हे शिकायला अर्धा तासही लागला नाही.

मातीतल्या गाण्यांची आपल्याकडे वाण नाही. भोंडल्याचा फेर, आपडी-थापडी, मामाचे पत्र हरवले, ही सगळी तालाची शाळाच आहे. बाईंनी पत्राच्या खेळात थोडा बदल केला. रुमाल घेऊन फिरणाऱ्याने प्रश्न पंचम-गंधारात गायचा आणि रिंगणाने त्याच स्वरांत उत्तर द्यायचे. खेळताना गाणे चुकले तरी खेळ थांबत नाही, त्यामुळे चुकण्याची लाज वाटत नाही. राज्य आपल्यावर येईल ही भीती त्या लाजेहून मोठी असते.

मला स्वतःला सर्वांत आनंद झाला तो तालाच्या पाठाचा, कारण त्यात हिशेब होता. कोदाय पद्धतीत एका ठोक्याला एक अक्षर आणि त्याच ठोक्याच्या दोन भागांना दुसरी जोड-अक्षरे असतात. हे तर आपले गुरु आणि लघु! एक गुरु म्हणजे दोन लघु, हे आपल्या छंदःशास्त्रात कधीचेच मांडलेले आहे. भक्तामर स्तोत्र वसंततिलका वृत्तात आहे. प्रत्येक चरणात चौदा अक्षरे, सात गुरु आणि सात लघु, म्हणजे एकवीस मात्रा. बाईंनी मुलांना गुरुला लांब पाऊल आणि लघुला आखूड पाऊल टाकायला लावले. चरण म्हणत मुले सभामंडपाला प्रदक्षिणा घालू लागली. ज्या स्तोत्राचे पाठांतर करून घेताना आम्ही वर्षानुवर्षे मुलांना रडवले, त्याचे तीन श्लोक चार दिवसांत पायांत गेले. पुढे पायांतून तोंडात यायला वेळ लागला नाही. अर्थ मात्र वेगळा समजावून द्यावा लागतो. पावले टाकून तो कळत नाही, हेही सांगितले पाहिजे.

आणखी एक खेळ मला झोंबला. सर्वजण गात असताना बाई मूठ मिटत. मूठ मिटली की आवाज बंद करायचा, पण गाणे मनात चालू ठेवायचे. मूठ उघडली की सर्वांनी बरोबर त्याच शब्दावर पुन्हा प्रकट व्हायचे. मुले श्वास रोखून, डोळे मिटून आत गात असत. गतवर्षी मी त्या मुलाला ओठ हलवायला आणि आवाज न काढायला सांगितले होते. त्याच्या आत काय चालले असेल, याचा विचार केला नव्हता. पाठशाळेत पंच समितींपैकी भाषासमिती मीच मुलांकडून पाठ करून घेतो.

तो मुलगा शिबिराला आला होता. आता तिसरीत गेला आहे. पाच दिवस तो टाळ्या वाजवी, पावले टाकी, हाताच्या खुणा बिनचूक करी, पण तोंड उघडत नसे. “त्याला गाण्याचा कंटाळाच आहे,” असे त्याची आई म्हणाली. सहाव्या दिवशी पत्राच्या खेळात रुमाल त्याच्या पाठीमागे पडला आणि त्याला ते कळले नाही. पकडला गेल्यावर राज्य त्याच्यावर आले. प्रश्न गाणे भाग होते. तो क्षणभर थांबला आणि गायला. पंचम आणि गंधार, दोन्ही जागेवर. बाईंनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही, त्यांना पूर्वपीठिका ठाऊकच नव्हती.

दशलक्षण पर्व आता तीन आठवड्यांवर आले आहे. यंदा मुलांची निवड करायची नाही, येतील तेवढ्या सर्वांनी गायचे आणि चाल पाच-सहा स्वरांतलीच घ्यायची, असा ठराव मी मंडळापुढे मांडला. एका सदस्यांनी दर्जाचा प्रश्न काढला. पेटी बंद ठेवण्यावरून गुरुजीही थोडे नाराज आहेत. ठराव एका मताने मंजूर झाला.

गेल्या रविवारी, क्षमावाणीची वाट न पाहता, मी त्या मुलाला मैदानाच्या कडेला बोलावले. त्याला काही आठवत नसेल, अशी माझी समजूत होती. मी हात जोडले आणि म्हणालो, “गेल्या वर्षी मी तुला गाऊ दिले नाही. माझे चुकले. मला क्षमा कर.”

तो थोडा वेळ माझ्या जोडलेल्या हातांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “मग आजोबा, या वेळी आवाज काढू?”

मी होय म्हणालो. तो तसाच पळाला, कारण राज्य त्याच्यावर होते.